हौसेला मोल असते!

'हौसेला मोल नाही' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. लग्नाचा मांडव असो, गणपतीची आरास असो की शिमग्याचा मानपान असो, खर्चाचा आकडा हाताबाहेर जाऊ लागला की घरातला कर्ता पुरुष ही म्हण पुढे करतो आणि हिशेबाची वही मिटून टाकतो. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने मला ही म्हण नेहमीच खटकत आली आहे. मोल नसलेली वस्तू बाजारात नाही आणि मोल नसलेली हौस घरात नाही. प्रश्न असतो तो एवढाच, की ते मोल कोण भरतो, केव्हा भरतो आणि भरताना त्याला ते ठाऊक असते की नाही.

मी आज एका अगदी दुर्मीळ हौसेबद्दल लिहिणार आहे. ती हौस म्हणजे लहानशा, पैशांच्या ओढाताणीत सापडलेल्या कारखान्याने बनवलेली स्पोर्ट्स कार विकत घेऊन बाळगण्याची. ज्या रत्नागिरीत जून ते सप्टेंबर साधी स्कूटरसुद्धा ताडपत्रीखाली अंग चोरून उभी असते, तिथल्या महाविद्यालयाच्या वार्षिकात हा विषय कोठून उपटला, असे काही प्राध्यापकांच्या मनात येईल. त्यांना माझी नम्र विनंती, की मोटार हे केवळ निमित्त आहे. विषय विश्वासाचा आहे, आणि तो आपल्या सर्वांच्या खिशाशी येऊन भिडणारा आहे.

आपल्या महाराष्ट्रातच घडलेली हकिकत आहे. मोटारींना नवी रूपे चढवून देणारे मुंबईचे प्रसिद्ध रचनाकार दिलीप छाब्रिया यांनी २०१२ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात 'अवंती' नावाची दोन आसनी स्पोर्ट्स कार लोकांपुढे ठेवली. इंजिन चालकाच्या पाठीमागे, गाडीच्या मध्यभागी. ओढ मागच्या चाकांना. वरचे अंग फायबरच्या जातीच्या संमिश्र द्रव्याचे. अशा घाटाची गाडी परदेशातून आणायची तर त्या काळी कोटींच्या गोष्टी कराव्या लागत. ही मात्र २०१५ च्या सुमारास ग्राहकांच्या हाती पडू लागली तेव्हा किंमत छत्तीस लाखांच्या आसपास होती. इंजिन फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचे, दोन लिटरचे, टर्बो बसवलेले, सुमारे अडीचशे अश्वशक्तीचे. बांधणी आपल्या पुण्याच्या परिसरातली. भारतीय बनावटीची पहिली सुपरकार म्हणून वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले आणि ते अगदीच अनाठायी होते असे मी म्हणणार नाही. हिंदुस्थानात दोन आसनी हौसेची गाडी त्यापूर्वीही निघाली होती. बंगळूरच्या सॅन मोटर्सने १९९० नंतरच्या दशकात 'स्टॉर्म' नावाची छोटी, उघड्या टपाची गाडी काढली होती. तिचेही अंग फायबरचे आणि इंजिन रेनॉचेच. पण त्या गाडीत आणि 'अवंती'त ताकदीच्या दृष्टीने जमीनअस्मानाचे अंतर होते.

आता ही गाडी घेणाऱ्या माणसाने नेमके काय विकत घेतले याचा विचार करू. वरवर पाहता त्याने चार चाके, दोन आसने आणि एक इंजिन घेतले. परंतु मोटार ही साडीसारखी वस्तू नाही. साडी विणणारा विणकर दुसऱ्या दिवशी माग बंद करून शेतीला लागला तरी साडीचे काही बिघडत नाही. मोटारीचे तसे नसते. तिची पुढची काच एका विशिष्ट वळणाची असते, दरवाजाचे रबर एका विशिष्ट मापाचे असते, दिव्याचे घर तिच्याच अंगावर बसेल असे घडवलेले असते. मोठ्या कारखान्याची गाडी लाखोंनी खपते, म्हणून तिची काच गावोगावच्या दुकानांत मिळते. कारखान्याने हात वर केले तरी दुसरा कोणी तरी ती बनवून विकतो, कारण त्याला गिऱ्हाईक असते. जिच्या जेमतेम शे-सव्वाशे प्रती निघाल्या, तिच्या काचेसाठी कोण साचा करणार? इंजिन फ्रेंच कंपनीचे असल्यामुळे त्याचे सुटे भाग पैसे मोजून जगात कोठे तरी मिळतील. अडचण येते ती इंजिनाभोवतीच्या, त्या एकाच कारखान्याच्या ठशातून निघालेल्या भागांची.

म्हणजे लहान कारखान्याची गाडी घेणारा माणूस वस्तूबरोबरच एक वचनही विकत घेत असतो. 'आम्ही उद्याही असू' हे ते वचन. त्याचे पैसे कारखान्याच्या भांडवलात मिसळतात. कारखाना तरला तर त्याची गाडी तरते आणि कारखाना बुडाला तर त्याची गाडी अंगणातला हत्ती होते. अशा ग्राहकाला मी भाग नसलेला भागीदार म्हणते. खऱ्या भागीदाराला निदान वर्षाकाठी ताळेबंद पाहायला मिळतो, सभेत उभे राहून प्रश्न विचारता येतो. याला तेही नाही. आपला २०१६ चा दिवाळखोरीचा कायदा वाचून पाहावा. कंपनी मोडीत निघाली की विक्रीच्या रकमेवर आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारणधारक सावकार, मग इतर नोकरवर्ग, मग बिनतारणाचे सावकार आणि सरकार असा क्रम लागतो. आगाऊ रक्कम भरून गाडीची वाट पाहणारा गिऱ्हाईक या रांगेत जवळजवळ शेवटी उभा असतो. त्याच्या मागे भागधारक उभे असतात हे खरे, पण ते जोखमीचा धंदा म्हणूनच त्यात उतरलेले असतात. आणि ज्याला गाडी मिळालेली आहे, फक्त उद्या काच लागणार आहे, तो तर रांगेतच नसतो. त्याचे देणे कोणाच्या वहीत लिहिलेलेच नाही.

यावर एक सोपे उत्तर तयार असते. 'मग घ्यावीच कशाला? मोठ्या कंपनीची घ्यावी!' हे उत्तर व्यवहारी आहे, पण ते सर्वांनीच स्वीकारले तर काय होते त्याचेही उदाहरण आपल्याच मातीत सापडते. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारीचा नमुना तयार केला आणि पुढे पाव शतकाच्या आसपास एकामागून एक सुधारलेले नमुने बनवीत राहिले. गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली, वाहवा केली. पण ती कारखान्यात शेकड्यांनी तयार होण्याचा दिवस काही उजाडला नाही. परवान्यांचा तो काळ होता, भांडवल नव्हते, सरकारदरबारी दाद नव्हती. 'मीरा'ला प्रेक्षक पुष्कळ लाभले. मालक लाभले नाहीत. नवे काही करू पाहणाऱ्याला पहिल्या शंभर मालकांची गरज असते. ते शंभर जण हिशेबी असते तर जगात कोणताही कारखाना लहानाचा मोठा झाला नसता. म्हणून लहान कारखान्याची गाडी घेणाऱ्याला वेड्यात काढायला मी तयार नाही. तो एका अर्थाने समाजाच्या वतीने जोखीम उचलत असतो.

परंतु जो आपल्या वतीने जोखीम उचलतो त्याच्याशी निर्मात्याने कसे वागावे, हा प्रश्न उरतोच. आणि 'अवंती'ची पुढची हकिकत त्याच प्रश्नाशी येऊन थांबते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रिया यांना अटक केली. पोलिसांचे म्हणणे असे होते, की इंजिन आणि चासिसचा एकच क्रमांक असलेल्या गाड्या एकाहून अधिक ठिकाणी नोंदवल्या गेल्या आणि त्यांच्यावर वित्तसंस्थांकडून एकाहून अधिक कर्जे उचलली गेली. आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. त्याचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे, महाविद्यालयाच्या वार्षिकाने नव्हे. मला येथे निर्मात्याविषयी काही म्हणायचे नसून मालकांविषयी म्हणायचे आहे. ज्याने स्वकष्टाच्या पैशाने ही गाडी घेतली, कर फेडला, विमा उतरवला, त्याच्यावर त्या बातमीने काय प्रसंग आणला असेल याची कल्पना करून पाहा. सकाळी वर्तमानपत्र उघडावे आणि आपल्या दारातल्या गाडीचा क्रमांक आणखी कोणाच्या नावावर तर नाही ना, अशी शंका मनात यावी! गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक प्रथम तोच प्रश्न विचारणार. म्हणजे काचेची आणि दिव्याची काळजी होतीच. तिच्यात आता कागदपत्रांच्या काळजीची भर पडली. हौसेचे मोल हे असे हप्त्याहप्त्याने वसूल होत असते, आणि शेवटचा हप्ता किती मोठा असेल हे घेताना कोणीच सांगत नाही.

मोटारींच्या जगात अशी संकटे नवी नाहीत. इंग्लंडच्या ॲस्टन मार्टिन कंपनीचे नाव आज कोणाला ठाऊक नाही? १९६४ साली जेम्स बाँडच्या चित्रपटात तिची गाडी झळकली आणि ती जगभर पोहोचली. १९१३ साली स्थापन झालेली ही कंपनी शंभर वर्षांत इतक्या वेळा डबघाईला आली, की 'सात वेळा दिवाळे' हे तिच्या नावामागचे बिरुदच होऊन बसले. १९७४ च्या अखेरीस तर कारखान्याला टाळे लागले होते. पुढच्याच वर्षी एक अमेरिकन आणि एक कॅनेडियन असे दोन रसिक उद्योगपती पुढे झाले आणि त्यांनी ती उभी केली. पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. ॲस्टन मार्टिनच्या मालकांनी १९३५ सालीच आपली संघटना स्थापन केली होती. कंपनीची मालकी या हातातून त्या हातात गेली, पण मालकांचे मंडळ कायम राहिले. कोणत्या वर्षी कोणती गाडी निघाली, ती कोठे आहे, तिचा कोणता भाग कोण बनवून देतो हे ज्ञान त्यांनी जपले. कारखान्याची स्मरणशक्ती कारखान्याबाहेर सांभाळली गेली.

दुसरे उदाहरण डी'लोरियनचे. जॉन डी'लोरियन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ब्रिटिश सरकारचे कोट्यवधी पौंड घेऊन उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ कारखाना काढला. अंग पोलादी, न गंजणारे. दरवाजे पक्ष्याच्या पंखासारखे वर उघडणारे. १९८१ आणि १९८२ या दोन वर्षांत सुमारे नऊ हजार गाड्या निघाल्या आणि कारखाना कोसळला. १९८२ च्या ऑक्टोबरात मालकाला अमली पदार्थांच्या आरोपावरून अटक झाली. १९८४ साली तो त्या आरोपातून निर्दोष सुटला. तोवर कंपनी संपली होती. एवढे सगळे होऊनही त्या गाड्यांपैकी पुष्कळशा आजही धावतात. कशाच्या बळावर? कारखान्यात पडून राहिलेला सुट्या भागांचा प्रचंड साठा भंगारात न जाता अमेरिकेत पोहोचला आणि पुढे टेक्सासमधल्या एका दुरुस्ती व्यवसायाने तो ताब्यात घेऊन सांभाळला, म्हणून. कंपनी मेली, पण तिचे कोठार मेले नाही.

या दोन्ही हकिकतींतून माझ्या मते एकच तात्पर्य निघते. मालकाला खरे म्हणजे कारखान्याच्या वैभवाशी कर्तव्य नसते. त्याला हवी असतात तीन साधी माणसे: भाग देणारा, नकाशा देणारा आणि पाना फिरवणारा. ही तीन जिवंत असली तर निर्माता गेल्यावरही वस्तू जगते. ही तीन नसली तर निर्माता तेजीत असतानाही मालक अनाथच असतो.

आता या विषयावर घेतला जाणारा सर्वांत मोठा आक्षेप. या लेखाचा आराखडा मी वर्गात बोलून दाखवला तेव्हा माझ्या एका मैत्रिणीने तो फटकन घेतला. 'छत्तीस लाखांची गाडी घेणाऱ्याचे दुःख तू कशाला वाहतेस? त्याला आणखी चार गाड्या असतील. आमच्याकडे एस. टी.चा पास काढायला रांगेत उभे राहावे लागते!' आक्षेप रोखठोक आहे आणि मला तो टाळायचा नाही. श्रीमंताच्या खेळण्यासाठी अश्रू ढाळावेत असे माझे म्हणणे नाहीच. पण जो नियम छत्तीस लाखांच्या गाडीला लागू होतो तोच छत्तीस हजारांच्या वस्तूलाही लागू होतो. आणि गरिबाकडे आणखी चार गाड्या नसतात.

आमच्या घरी विहिरीवर एका लहान कारखान्याचा पाण्याचा पंप होता. स्वस्त म्हणून वडिलांनी घेतला होता. तीन वर्षांनी तो कारखाना बंद पडला. चौथ्या वर्षी ऐन मे महिन्यात पंपाचा बुश झिजला. दुकानदार म्हणाला, 'हा माल आता येत नाही, नवा पंप घ्या.' शेवटी एका मेकॅनिककाकांनी झिजलेला बुश नेऊन लेथवाल्याकडून तसाच दुसरा करून आणला आणि पंप पुन्हा सुरू झाला. खर्च किरकोळ, पण ते काका नसते तर कलमांना पाणी मिळाले नसते. पंपाच्या बाबतीत आम्हीही भाग नसलेले भागीदारच होतो. फरक एवढाच, की आमची वस्तू लेथवर दुरुस्त होण्याइतकी साधी होती.

तो साधेपणा आता संपत चालला आहे आणि खरी धास्ती तिथे आहे. आज नव्यानव्या लहान कंपन्या विजेवर चालणाऱ्या स्कूटरी विकतात. घरातले मोडून, कर्ज काढून माणसे त्या घेतात. अशा स्कूटरची बॅटरी, तिचा ताबा ठेवणारे यंत्र, फोनवरचे ॲप ही सारी त्या एका कंपनीच्या किल्लीने उघडतात. कंपनी मिटली तर कोणता लेथवाला ती किल्ली कातून देणार? अमेरिकेची फिस्कर नावाची विजेच्या मोटारींची कंपनी २०२४ च्या जून महिन्यात दिवाळखोरीत गेली. तिने बनवलेल्या सुमारे अकरा हजार गाड्यांचे मालक रातोरात पोरके झाले. गाड्यांतले संगणकीय दोष कोण काढणार, सुटे भाग कोण देणार, दूरवरचा संगणक चालू कोण ठेवणार, हे प्रश्न त्यांच्यापुढे उभे राहिले. त्यांनी काय केले? संघटना काढली, वर्गणी जमवली आणि आपल्या गाड्या आपणच जगवण्याचा खटाटोप सुरू केला. १९३५ साली ॲस्टन मार्टिनच्या मालकांना जे सुचले तेच २०२४ साली यांना सुचले. पूर्वीच्या गाडीला पाना पुरत असे; आताच्या गाडीला पानाही लागतो आणि परवलीचा शब्दही.

मोठ्या कंपन्या या बाबतीत सज्जन असतात असा गैरसमज मात्र कोणी करून घेऊ नये. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देता गिऱ्हाइकाला आपल्याच दुकानात बांधून ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक रुपयांचा दंड ठोठावला होता. म्हणजे लहान निर्माता भाग देऊ शकत नाही आणि मोठा देऊ इच्छित नाही; मालक बिचारा दोन्हीकडून नागवला जातो.

हे सारे रत्नागिरीत बसून लिहिताना एका माणसाची आठवण होणे अपरिहार्य आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली याच गावी झाला. १९०५ नंतर स्वदेशीची जी लाट उठली तिचे ते अध्वर्यू. आपला माल ओबडधोबड असेल, महाग असेल, तरी तोच घ्या, असे त्या चळवळीने सामान्य माणसाला सांगितले. म्हणजे घेणाऱ्याच्या कर्तव्याचा पाठ आपण सव्वाशे वर्षांपूर्वीच गिरवला आहे. त्याच काळात अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा, अशी ती साधी योजना. टिळकांनी तिला पाठिंबा दिला. त्या पैशांतून १९०८ साली पुण्याजवळ तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पैसा देणाऱ्या लोकांना त्या कारखान्याचा भाग मिळाला नाही की नफा मिळाला नाही. तेही भाग नसलेले भागीदारच होते. मग त्यांना काय मिळाले? त्या कारखान्याने काच करण्याची विद्या शिकवली. तिथे शिकलेले कारागीर देशभर गेले आणि ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत त्यांनी ती विद्या नेली. लोकांच्या पैशाची परतफेड ज्ञानाने झाली आणि ते ज्ञान चार भिंतींत कोंडून राहिले नाही.

मला वाटते, लहान निर्मात्याने आपल्या मालकांची परतफेड नेमकी अशीच करायला हवी. त्याच्याजवळ पैसा नसतो, हे मान्य. पण नकाशे असतात, साचे असतात, मापे असतात. 'अवंती' किंवा 'स्टॉर्म'सारख्या गाडीचे अंग फायबरचे असते. फायबर दुरुस्त करणारी माणसे शोधायला आपल्याला परदेशात जायला नको. मिरकरवाडा बंदरावर जाऊन पाहा. खडकावर आपटून फुटलेली होडी मॅटचे थर आणि रेझिन लावून, घासून, पुन्हा समुद्रात लोटणारे कारागीर तिथे आहेत. त्यांच्या हाती गाडीच्या दरवाजाचे बिनचूक माप आणि साचा दिला तर ते दरवाजा घडवू शकणार नाहीत असे मला वाटत नाही. आपल्याकडे हाताला तोटा नाही. तोटा आहे तो कागदाचा. नकाशा निर्मात्याच्या कपाटात कुलूपबंद असतो आणि निर्माता बुडाला की कपाट लिलावात जाते.

म्हणून माझे मत मी स्पष्टच मांडते. ज्याचा कारखाना लहान आहे त्याने गाडीबरोबर तीन गोष्टी दिल्या पाहिजेत. पहिली, किती गाड्या बनल्या आणि कोणत्या क्रमांकाच्या, याची उघड व खरी नोंद. म्हणजे कोणत्याही मालकाला आपल्या दारातल्या गाडीबद्दल संशयाने झोप गमवावी लागणार नाही. दुसरी, जे भाग फक्त याच गाडीचे आहेत त्यांचा विकलेल्या गाड्यांच्या प्रमाणात वेगळा ठेवलेला साठा. आणि तिसरी, कारखाना बंद पडल्यास नकाशे व साचे मालकांच्या मंडळाच्या हवाली होतील असा लेखी करार. यात अशक्य असे काही नाही. सोसायटीत घर घेताना इमारतीचा नकाशा आपण मागतोच. मग मोटारीचा का मागू नये? सरकारनेही जिथे कंपनी मोडीत निघते तिथे सावकारांबरोबर वस्तू वापरणाऱ्यांचीही एक ओळ यादीत लिहावी. त्यांना पैसे नकोत. त्यांना मापे हवीत.

'एवढ्या अटी घातल्या तर लहान माणूस कारखाना काढणारच नाही,' असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. ज्याच्या हेतूवर विश्वास ठेवता येतो त्याला पहिले शंभर मालक लवकर मिळतात. लोक लहान निर्मात्याच्या गरिबीला भीत नाहीत. त्याच्या मौनाला भितात. अडचण आली की पत्रांना उत्तर नाही, फोन उचलला जात नाही, कार्यशाळेच्या दारावर कुलूप. इथे मालकाचा विश्वास तुटतो. 'आम्ही अडचणीत आहोत, हे आमचे नकाशे, हा आमचा साठा, सांभाळा,' असे सांगणारा निर्माता बुडाला तरी त्याचे नाव बुडत नाही.

आपण कलाशाखेची मंडळी. आपल्याला हा व्यवहार खरे तर ओळखीचा वाटायला हवा. मराठीत किती मासिके, अनियतकालिके उसनवारीवर निघाली आणि चार अंकांनंतर मिटली! 'सत्यकथा'सारखे मातब्बर मासिकसुद्धा १९८२ साली बंद झाले. त्यांचे वर्गणीदारही भाग नसलेले भागीदारच होते. पण त्यांच्या हाती निदान अंक उरले, आणि जुन्या अंकाला सुटे भाग लागत नाहीत. ग्रंथालयातल्या कपाटातून काढावा, धूळ झटकावी, की तो पहिल्या दिवसासारखाच चालू! मोटारीला हे भाग्य नाही. तिला जगवायला माणसे लागतात.

शेवटी कोणी मला विचारील, 'बाई, पैसे असते तर तू घेतली असतीस का अशी गाडी?' मुंबई-गोवा महामार्गाच्या २०११ पासून रेंगाळलेल्या चौपदरीकरणाचा अनुभव असल्याने आणि खाऱ्या वाऱ्याने घराच्या बिजागऱ्यांची काय दशा होते हे रोज पाहत असल्याने, माझे उत्तर सावध आहे. निर्मात्याचा ताळेबंद पाहून मी तिला नकार दिला नसता. मी त्याला एवढेच विचारले असते, 'नकाशे कोणाला देणार?' त्याने उत्तर दिले असते तर जोखीम घेतली असती. तो नुसताच हसला असता तर एस. टी.चा पास काढून आले असते.

हौसेला मोल असते. ते भरायची तयारी असलेली माणसे समाजात असावीत, कारण त्यांच्यावाचून नवे काही उभे राहत नाही. त्यांना पूर्ण आकडा आधी सांगितला जावा, एवढेच माझे म्हणणे.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)